सातव्या मजल्याचा अल्बम

"अहो, एकच गाणं आहे. चार मिनिटांचं. ऐकून टाका ना एकदाचं!"

मी ओरडूनच बोलत होते. हल्ली आमच्या घरात प्रेमाचं बोलणंही ओरडूनच होतं. खालच्यांना वाटतं, यांच्याकडे रोज भांडण.

"नाही म्हणजे नाही," हे म्हणाले. हे म्हणजे आमचे साईनाथराव. "सुटं गाणं ऐकायला मी काय रिक्षात बसलोय? अल्बम येऊ दे."

"अल्बम येईल तेव्हा येईल. तोवर तुमचे कान थांबणारेत का?"

एवढं मात्र त्यांना बरोबर ऐकू गेलं. ताटातली कोशिंबीर उगाच इकडची तिकडे केली आणि हात धुवायला उठले. जेवण तसंच राहिलं.

कान जाणं त्यांच्या घराण्यातच आहे. सासऱ्यांचे साठीत गेले, यांनी पंचावन्नातच घाई केली. उजवा गेला, डावा त्याच वाटेवर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मशीनने माणसांचं बोलणं कळेल, गाण्याचं काही सांगता येत नाही. मशीन लावून यांनी एक जुनी कॅसेट ऐकून बघितली. "कोणीतरी भांडी घासतंय," म्हणाले आणि मशीन काढून ठेवलं. म्हणजे डाव्या कानात जे काही उरलंय, त्याच्यातच नवा अल्बम ऐकायचा होता.

जन्मभर यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. अर्ध्या कोथरूडला वर-खाली केलं आणि स्वतः राहतात बिनलिफ्टच्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर! आवाजावरून बिघाड ओळखायचे. ऐकू येईना तसं कंपनीने स्टोअरमध्ये बसवलं. त्याबद्दल घरात एक शब्द काढला नाही. बोलायचे ते फक्त अल्बमबद्दल.

बँडचं नाव 'सातवा मजला'. इंजिनिअरिंगची चार पोरं, मराठीत रॉक गायची. लग्नानंतर यांनी मला पहिल्यांदा बाहेर नेलं ते त्यांच्या कार्यक्रमाला. गजरा माळून गेले होते मी! पहिल्या दोन गाण्यांत डोकं उठलं. पण शेवटच्या गाण्यात, त्यांच्या पहिल्या अल्बममधल्या, बाकी सगळे थांबले आणि ड्रमवरचा गंधार एकटाच वाजवत राहिला. अगंबाई, काय वाजवलं त्या मुलाने! छातीत धडधडायला लागलं. त्या दिवसापासून मीही त्यातलीच झाले. हे तर घरी येऊन तोच ठेका पोळीच्या डब्यावर, कुकरच्या झाकणावर, स्कूटरवर सिग्नलला थांबले की माझ्या गुडघ्यावर. धड एक वाद्य येत नाही, पण बोटं गप्प बसायची नाहीत.

आणि नियम! कॅसेट आणली की आधी अंघोळ, मग दोन्ही बाजू एका बैठकीत. मध्ये उठायचं नाही, बोलायचं नाही, थांबायचं नाही. ऋचाच्या वेळी मला कळा सुरू झाल्या तेव्हा दुसऱ्या अल्बमची दुसरी बाजू चालू होती. हे बोट ओठांवर ठेवून म्हणतात, "एकच राहिलंय." सासूबाईंनी लाटणं उगारलं तेव्हा कुठे रिक्षा आली.

त्यानंतर बँड मोडला. पोरं नोकऱ्यांना लागली, टक्कल पडलं, लेकरं झाली. आणि गेल्या वर्षी अचानक जाहीर केलं, नवा अल्बम येतोय. पाडव्याला येणार होता. मग गणपतीत. मग म्हणे दिवाळीला. मधल्या काळात एकेक गाणं फोनवर सोडत होते आणि आमचे हे त्याला हात लावत नव्हते. वर मलाही ऐकू देत नव्हते.

"पहिलं गाणं संथ असणार बघ," रोज जेवताना सुरू. "मग दणका. आणि शेवटी गंधार एकटा. लिहून ठेव."

मी दमून जायचे. दिवसभर क्लासच्या ऑफिसात पालकांशी डोकं लावायचं, घरी आल्यावर यांच्याशी ओरडायचं. कधी कधी वाटायचं, गेला उडत तो अल्बम. पण रात्री 'दूधवाल्याला नाही म्हणून सांगा' हे तीनदा सांगावं लागलं की जीव गोळा व्हायचा. देवा, यांचा कान जायच्या आत येऊ दे रे बाबा!

शेवटी डिसेंबरात आला. रविवारी सकाळी ऋचा हडपसरहून मोठा स्पीकर घेऊन आली. यांनी अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, आणि सतरंजीवर स्पीकरकडे डावा कान करून बसले.

"बाबा, रेडी?" ऋचाने खूण केली आणि लावलं.

हे डोळे मिटून बसले होते. थोड्या वेळाने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं.

"लावा की आता," म्हणाले.

गाणं केव्हाच सुरू झालं होतं.

मी मान हलवून सांगितलं, चालू आहे. ऋचाने आवाज वाढवला, पार खिडकीची काच थरथरली. यांनी पुन्हा डोळे मिटले. कपाळावर आठी. मला आपलं वाटलं, निदान मी तरी नीट ऐकावं, नंतर सांगता येईल. ऐकलं. गाणाऱ्याचा आवाज बसलेला. शब्द गुळमुळीत. आणि मागे ड्रम नुसते टक् टक् टक्, एकसारखे.

"आई," ऋचा माझ्या कानाला तोंड लावून म्हणाली, "ड्रम्स कंप्युटरवर केलेत. गंधार आता बँडमध्ये नाहीये. त्यांनी पेजवर टाकलं होतं."

"गप्प बस," मी म्हटलं.

गाण्यांमागून गाणी गेली. शेवटचं लागलं. आणि ज्या माणसाने माझ्या कळांनाही थांबवलं होतं, तोच मध्ये बोलला.

"उल्का, गंधार कसा वाजवतोय गं?"

मी त्यांच्या मागे जाऊन बसले. दोन्ही हात त्यांच्या पाठीवर ठेवले आणि वाजवायला लागले. स्पीकरवर चाललं होतं ते नाही. जे डब्यावर, झाकणावर, माझ्या गुडघ्यावर इतकी वर्षं वाजलं होतं, ते. हात चुकत होते, पण यांची मान हलायला लागली. कपाळावरची आठी गेली. स्पीकर बंद झाला तरी मी वाजवतच होते. ऋचा वायर गुंडाळायची सोडून बघत उभी राहिली.

"हा तर पहिल्या अल्बमचा ठेका," हे म्हणाले. हळू आवाजात. स्वतःशीच बोलावं तसं.

माझे हात जागीच थबकले. तोंड लपवायला जागा नव्हती, त्यांच्या पाठीमागे होते हेच नशीब.

"थांबलीस का?" ते म्हणाले. वळून बघितलं नाही. "मध्ये थांबायचं नसतं."

मी डोळे पुसले आणि पुन्हा वाजवायला लागले.