पानाच्या तळाशी एक नाव

नवरा जाऊन पुरते पाच महिने झाले नव्हते, आणि दीर हातात चहाचा कप घेऊन तिच्या टेबलाशी उभा राहिला. एक घोट घेतला, आणि अहवालाच्या फूटरमधून दादाचं नाव काढून टाका म्हणाला. टेबलावरची धूळ पुसून टाका म्हणावं, तितक्या सहज.

"वहिनी, मेलेल्या माणसाचं नाव वाचून लोक लिफ्टमध्ये पाय ठेवतील का?"

वहिनीनं मान डोलावली. ऑफिसात तिला सगळे वहिनीच म्हणत, कारण ऑफिस म्हणजे घरचीच माणसं. दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि इमारतींच्या लिफ्ट तपासून अहवाल द्यायचं काम. काम नवऱ्यानं उभं केलं, धाकटा भाऊ मागाहून आला. प्रत्येक अहवालाच्या प्रत्येक पानाच्या तळाशी ऑफिसचं नाव, फोन, पानाचा नंबर आणि दोघा भावांची नावं. तो फूटर वहिनीनंच बनवलेला. एकदा नीट मांडायचा, नाव देऊन कॉम्प्युटरमधल्या तयार नमुन्यांच्या गॅलरीत जपून ठेवायचा, की पुढे कुठल्याही फाइलीत एका क्लिकवर पानोपानी उतरतो. पुन्हा पुन्हा टाइप करत बसायला नको.

नाव काढायला सांगितलं एवढंच असतं, तर ती रडून मोकळी झाली असती. पण आठवडाभरापूर्वी एका इमारतीचे लोक लिफ्टचं दार अडकल्याची तक्रार घेऊन आले होते. आतल्या खोलीत बसून तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं. दीर म्हणाला, ती दादाची धांदल हो, शेवटी शेवटी तो नीट बघतच नसे. अंगात ताप असताना टॉर्च घेऊन लिफ्टच्या खड्ड्यात उतरणारा माणूस, तो नीट बघत नसे! वहिनीच्या अंगाचा तिळपापड झाला.

नीट कोण बघत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. नवरा घरी यायचा तेव्हा पँटीच्या गुडघ्यांवर ग्रीस असायचं, धुऊन धुऊन तिचे हात दुखायचे. दिराच्या पँटीची इस्त्री संध्याकाळपर्यंत मोडत नसे. त्याची पद्धत सोपी होती. त्या इमारतीचा दादानं लिहिलेला जुना अहवाल उघडायचा, तारीख बदलायची, नवीन नावानं साठवायचा, फूटर घालायचा आणि सही ठोकायची. दोर, ब्रेक, मोटर, सगळं दादानं तपासलेलं, दोन-दोन वर्षांपूर्वी. वहिनीला हे दिसत होतं, पण घरचं भांडण चारचौघांत नको म्हणून ती गिळून बसली होती. आता मात्र बस झालं.

दुसऱ्या दिवशी ती नवा फूटर करायला बसली. ऑफिसचं नाव डावीकडे, पानाचा नंबर उजवीकडे, दोघा भावांची नावं गायब. त्यांच्या जागी तिनं दोन रकाने घातले, आपोआप भरणारे. पहिला 'अहवाल लिहिणारा'. फाइल मुळात ज्यानं सुरू केली त्याचं नाव कॉम्प्युटर आठवणीत ठेवतो, ती दुसऱ्या नावानं साठवली तरी. दुसरा 'लिहायला लागलेला वेळ'. फाइल किती मिनिटं उघडी ठेवून काम केलं, तो आकडा; फाइल नव्या नावानं साठवली, की तो मात्र पुन्हा शून्यापासून सुरू होतो. दोन्ही छापताना स्वतःहून भरले जातात, कुणी हात लावायला नको.

चालतं का ते बघायला तिनं नवऱ्याचा एक जुना अहवाल उघडला. गणिताचे एक मास्तर राहतात, त्या इमारतीचा. फूटर घातला, आणि तळाशी उमटलं त्याचं नाव, आणि पुढे, तीन तास चाळीस मिनिटं. ती दुपार तिला लख्ख आठवली. दोन बोटांनी टाइप करत होता, मधेच उठून इमारतीत फोन लावला, दोराची जाडी पुन्हा मोजून मगच आकडा लिहिला. चहा दोनदा निवला म्हणून ती करवादली होती. आता ती पदर तोंडात धरून रडली, प्रिंटर चालू ठेवून, म्हणजे बाहेर आवाज जायला नको.

मग डोळे पुसून तिनं फूटर गॅलरीत साठवला आणि दिराच्याच कॉम्प्युटरवर कोऱ्या फाइलीत घालून त्याला दाखवला. कोरी फाइल त्याची, म्हणून नाव त्याचंच आलं. स्वारी खूष. वेळ कशाला म्हणून त्यानं विचारलं.

"लोकांना कळायला नको, आपण किती कष्ट घेतो ते?" वहिनी म्हणाली.

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. दीर हरभऱ्याच्या झाडावर चढला आणि यापुढे हाच फूटर लावायचा म्हणून हुकूम सोडून गेला.

तीन आठवड्यांत अकरा अहवाल गेले. वहिनी एकेक प्रत प्रिंटरमधून उचलायची, ऑफिसची प्रत बाजूला ठेवायची, दुसरी पाकिटात घालायची. प्रत्येक पानाच्या तळाशी नवऱ्याचं नाव. काढा म्हणालास ना, घे. पुढे नऊ मिनिटं, सहा मिनिटं, एकदा तर चार. दिरानं एकदाही खाली नजर टाकली नाही. सही शेवटच्या पानावर वरच्या बाजूला असते, तेवढंच त्याला दिसायचं. सूड असा खुर्चीत बसून, पाकिटं चिकटवत घेता येतो, हे वहिनीला नव्यानंच कळलं. त्या दिवसांत तिला झोपसुद्धा छान लागायची.

मग मास्तर आले. गणित शिकवून निवृत्त झालेला, आता इमारतीचा कारभार बघणारा माणूस, कागद शेवटच्या ठिपक्यापर्यंत वाचणारा. अहवाल टेबलावर ठेवला आणि शेजारी एक किल्ली ठेवली.

"ही लिफ्टच्या खड्ड्याची किल्ली. वर्षभर माझ्याजवळच आहे. मागायला कुणी आलं नाही. आणि अहवाल लिहिणारे म्हणून ज्यांचं नाव आहे, त्यांना पोचवायला मी स्वतः आलो होतो."

दिरानं कागद ओढला, तळाशी बघितलं, आणि चेहऱ्याचा रंगच उडाला. पण तो काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. टायपिंगची चूक आहे म्हणाला. वहिनींचं हल्ली लक्ष नसतं, दुःखात आहेत, समजून घ्या.

वहिनी उठली. दिराच्या कॉम्प्युटरवर तो अहवाल उघडला, शेजारी नवऱ्याचा जुना अहवाल उघडला, आणि मास्तरांना खुर्ची दिली. ओळ न् ओळ तीच होती. बदलली होती ती फक्त तारीख. मास्तरांनी दोन्ही तळ वाचले. एकीकडे तीन तास चाळीस मिनिटं, दुसरीकडे सात. दीर खिडकीबाहेर बघत राहिला, आणि वहिनीला वाटलं, झालं, फिटलं.

मास्तरांनी चष्मा काढला.

"मला सगळं समजलं. पण बाई, उद्या आमची लिफ्ट पडली, तर हा कागद वाचणारे तुमच्या दिराला दोष देतील का? हे खोटं लिहिणारा म्हणून नाव कुणाचं आहे?"

वहिनीच्या पायाखालची जमीन सरकली. अकरा इमारतींत, अकरा खोट्या कागदांवर, पानोपानी त्याचं नाव. आणि ते कुणी घातलं? तिनं. हौसेनं, पाकिटं चिकटवत. धांदलीचा आळ दिरानं एकदाच घेतला होता, तिनं तो अकरा वेळा छापून घरपोच केला होता.

ती आत गेली. ऑफिसच्या अकरा प्रती आणल्या, मास्तरांची वर ठेवली आणि दिरासमोर पेन आपटलं.

"भाऊजी, यातून माझ्या नवऱ्याचं नाव काढा. तुमच्या हातानं. आणि तिथे तुमचं लिहा."

"वहिनी, धंदा बुडेल."

"लिहा."

मास्तर किल्लीवर हात ठेवून बसून राहिले, हलायचं नाव घेईनात. दिरानं पेन उचललं. प्रत्येक पानावर खाली वाकून तो दादाचं नाव खोडायचा आणि त्यावर स्वतःचं लिहायचा. वहिनी एकेक पान ओढून बघत होती, एकही सुटू देत नव्हती.

शेवटचं पान झालं, तेव्हा तिनं पहिल्या इमारतीचा नंबर लावला आणि फोन त्याच्या हातात दिला.

"सांगा त्यांना, लिफ्ट बंद ठेवा. आणि का, तेही सांगा."