मध्येच दम सोडणारा ट्रॅक्टर

त्या नोव्हेंबरात पाऊस जाता जाईना. सामनगावच्या शिवारात द्राक्षबागा फुलोऱ्यात होत्या, पानांवर डावणी रोगाचे पिवळे डाग उठत होते, आणि नेमका तेव्हाच सुवर्णाचा छोटा, जुना ट्रॅक्टर मध्येच दम सोडायला लागला.

जागेवर इंजिन छान बोलायचं. फवारणीचा ब्लोअर जोडून ओळीत घातलं, की थोडं पुढं जाऊन आवाज खोल जायचा, फवारा मरायचा, गचके देत गाडी बंद. जरा थांबलं की पुन्हा चालू.

नवरा जयराम एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात पाळीवर. बाग तिच्याच अंगावर. तिनं हवेचा फिल्टर धुतला, डिझेलचा बदलला, पाइपातली हवा काढली. फरक नाही. मग सिन्नर फाट्यावरून बहिरू मिस्त्री आला. त्यानं नोझल साफ केले, सायलेन्सर झोडपून काजळी पाडली, टाकीत डिझेल ओतलं आणि झाकण बाजूला ठेवूनच गाडी बागेत फिरवली.

“बघा वहिनी, कसा पळतोय!”

तो झाकण लावून गेला, आणि ट्रॅक्टर पुन्हा ओळीत अडला. परत बोलावल्यावर बहिरूनं मान हलवली. “इंजिनच थकलंय. खोलावं लागंल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी जयराम रात्रपाळीवरून आला. ‘आज तरी तुम्ही बघा’ असं म्हणायचं तिनं ठरवलं होतं. पण ओट्यावर एक बूट काढला आणि दुसरा पायात तसाच ठेवून तो बसल्या बसल्या झोपला. सुवर्णानं त्याच्या पाठीशी उशी सरकवली आणि एकटीच बागेत गेली.

ट्रॅक्टर थांबलाच. तिनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. रडायचंही त्राण नव्हतं. मग डिझेल तरी बघावं म्हणून उतरून तिनं टाकीचं झाकण फिरवलं, तर सुर्रकन हवा आत ओढली गेली.

झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी होती, आत शोषली जाऊन ताणलेली. टाकीत पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून जयरामनं घातलेली. डिझेल भरताना ती सवयीनं काढून परत लावली जायची; बहिरूनंही तेच केलं होतं. त्या पिशवीनं झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजवलं होतं. डिझेल जात होतं, पण त्याच्या जागी हवा येत नव्हती. थोड्या वेळानं डिझेलही यायचं थांबत होतं.

तिनं पिशवी ओढून काढली, झाकण लावलं. ट्रॅक्टर ओळ संपवून बाहेर आला. आनंद वगैरे काही झाला नाही तिला. तिनं गाडी पुढच्या ओळीत वळवली.

दुपारी जयराम उठून बागेत आला, तेव्हा ती फवारणीवाचून राहिलेल्या खालच्या तुकड्यात उभी होती. घडांना हात लावला की तपकिरी पडलेली फुलं गळत होती.

“काय होतं गं ट्रॅक्टरला?”

“टाकीला हवा नव्हती. झाकणाखाली पिशवी होती.”

“मीच घातली होती ती.”

“माहीत हाय.”

“मला चार शब्द बोलली असतीस तरी चाललं असतं.”

“दमलेय हो मी,” सुवर्णा म्हणाली. “वरची बाग वाचंल. हा तुकडा गेला.”

“उद्या रजा टाकतो.”

“टाका,” ती म्हणाली, आणि तिथंच बांधावर बसली.