अंधार दाखवणारा पडदा

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. वय चारच वर्षं, पण माझ्यामागून आलेल्या भावंडांनी मला जुन्यात ढकललं आहे. त्याचं मला वाईट वाटत नाही. मी जे दाखवलं, ते दाखवण्याचं भाग्य फार थोड्या टीव्हींना मिळतं.

माझी जात ओएलईडी. इतरांच्या पडद्यामागे दिवे असतात. माझ्यातले लाखो बारीक ठिपके स्वतःच उजळतात आणि स्वतःच विझतात. म्हणून माझा काळा रंग खराखुरा काळा!

नारायणगावच्या दुकानात वारूळवाडीचे गेणभाऊ आणि त्यांची सून नूतन मला बघायला आले. गेणभाऊंचं मन शेजारच्या झगझगीत टीव्हीवर बसलं होतं. दुकानदार सुदर्शन मात्र सरळ माणूस.

"भाऊ, खोलीत ऊन येत असंल तर त्योच बरा. आन् ह्याच्यावर एकच चित्र दिवसभर ठेवायचं न्हाई. ठसा उमटतो, मग जात नाय."

"आमची खोली अंधारीच हाये," नूतन म्हणाली. "आन् शेतातला कॅमेरा टीव्हीला जोडायचाय. रातचं नीट दिसाया पायजे."

झालं, मी वारूळवाडीला आलो.

त्या वर्षी ऊसतोडीची टोळी सकाळीच फडाच्या बांधावर पोचली. नूतनने मोबाइलवर रात्रीचं चित्रण पाहिलं, तर नुसता काळोख. तिने तेच माझ्यावर लावलं. मी जीव ओतला. उसाच्या काळ्या कडेला आणखी काहीतरी काळं हललं. बिबट्याची मादी! तिच्यामागून दोन पिल्लं फडात शिरली, ती बाहेर आलीच नाहीत.

"मामा, टोळी थांबवा! उसात बिबट्या वाघाची पिल्लं हायेत!"

गेणभाऊ अनवाणीच पळाले. टोळीतली साळुबाई आपल्या तान्ह्या लेकीची झोळी नेमकी त्याच कडेच्या बाभळीला बांधत होती. गेणभाऊंनी लेकरू उचललं आणि सगळ्यांना मागे घेतलं. वनखात्याच्या माणसांनी फड मोकळा ठेवायला सांगितला. तिसऱ्या रात्री मादीने एकेक पिल्लू तोंडात धरून दूर नेलं. सकाळी ते सगळ्यांनी माझ्यावरच पाहिलं.

साळुबाई पडद्याजवळ येऊन म्हणाली, "तिची बी वाचली, माझी बी वाचली गं बया." मित्रांनो, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं.

पण मग गेणभाऊंना माझं वेडच लागलं. आल्यागेल्या पावण्यांना दाखवायला कॅमेऱ्याचं चित्र दिवसभर चालू! काही महिन्यांनी नूतनने सिनेमा लावला, तर कोपऱ्यात कॅमेऱ्याच्या तारखेची पट्टी पुसट दिसतच राहिली.

"दुकानदारानं सांगितलं व्हतं ना, मामा?"

"कवतिकापायी झालं, पोरी," गेणभाऊ ओशाळून म्हणाले.

नूतनने सेटिंगमध्ये जाऊन पडद्याची सफाई लावली. ठसा फिका झाला, पण पुरता गेला नाही.

मित्रांनो, गुणी वस्तूला एकाच कामाला जुंपून ठेवू नका. चित्र बदलत राहा, उजेड बेताचा ठेवा. रिमोटने बंद केल्यावर भिंतीवरचं बटण लगेच दाबू नका. त्या वेळात मी स्वतःला सावरत असतो.

हल्ली गेणभाऊंची नात समृद्धी कार्टूनसाठी हट्ट धरून बसली, की ते स्वतः उठून मला बंद करतात.

"बास आता. लई मोठं काम केलंय त्यानं. निवांत पडू दे त्याला जरा."

सांगा, असा मान दुकानातल्या कोणत्या कोऱ्या टीव्हीला मिळाला आहे?