तबकडी आणि आखडलेली दोरी

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण विचारतो, "हे ताट इथे कुणी ठेवलं?" ताट नाही हो मी! मी कॉलेजच्या पर्यावरणशास्त्र विभागातली एक जुनी पत्र्याची तबकडी आहे. तळ्याचं पाणी किती नितळ आहे, हे मोजायला मला दोरीने पाण्यात सोडतात. मी खाली खाली जाते आणि जिथे डोळ्यांना दिसेनाशी होते, तिथली दोरीवरची खूण वाचतात. पाणी जितकं नितळ, तितकी मी जास्त खोलवर दिसते. दिसेनासं होण्यासाठीच नेमलेलं कुणी तुम्ही पाहिलंय का?

आमचं कॉलेज लहान, विभाग त्याहून लहान. सायकल स्टँडमागची एक खोली, तीन टेबलं आणि एक गळका नळ. तिथल्या प्रयोगशाळेतल्या मामांनी मला पिंपाच्या झाकणातून कापलं, कडा कानशीने घासल्या, चार भाग आखून एकाआड एक काळा-पांढरा रंग दिला आणि पोटाखाली वजन बांधलं. "बघू, बुडते का शहाणी," म्हणाले. मी सरळ बुडले. मामा एवढे खूश झाले, जणू त्यांची मुलगी पहिली आली!

पुढची कित्येक वर्षं दर सोमवारी सकाळी अकराला, तळ्याकाठच्या पंपघराच्या धक्क्यावरून मी पाण्यात उतरले. आकडे वहीत गेले. पाहुणे आले की मला हातात धरून फोटो काढत, आणि मीही जरा ऐटीत चमकत असे. मग पाण्याचा नितळपणा मोजणारं बटणांचं यंत्र आलं आणि माझी रवानगी कपाटाच्या खालच्या खणात झाली. माझी दोरी उंदरांनी फस्त केली. एक वर्ष तर मी कुंडीखाली सांडलेलं पाणी झेलत काढलं. मामाही निवृत्त झाले. कुणाला दोष देत नाही, पण फार वाईट वाटलं, हे का लपवू?

एके दिवशी यंत्राने मान टाकली. त्या वर्षी शेवटच्या वर्गात पाच जण होते. त्यातली एक गवंड्याची मुलगी. बाक, फळा, खिडकी, जे दिसेल ते मोजत सुटायची, म्हणून वर्गाने तिचं नाव 'मापाडीण' पाडलं होतं. तळ्याचं पाणी हाच तिने प्रकल्पाचा विषय घेतला. तो फसला तर तिचं वर्ष जाणार होतं. घरात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच.

तिने मला कपाटातून बाहेर काढलं, माझा गंज खरवडला, नवा रंग दिला, कोरी पांढरी सुती दोरी आणली आणि दर दहा सेंटिमीटरला लाल दोरा बांधला. घोटाळा झाला तो तिथेच. मामांनी माझी पहिली दोरी दोन दिवस बादलीत भिजत ठेवली होती आणि मगच खुणा केल्या होत्या. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मी पाहिलं होतं, पण मला कुठे बोलता येतं!

चौतीस सोमवार ती चुकली नाही. ऊन असो, सर्दी असो, ती आपली धक्क्यावर हजर. जुन्या वह्यांतली सरासरी एकशे चाळीस सेंटिमीटर होती. तिची आली एकशे अठ्ठेचाळीस. तळं सुधारतंय! विभागाच्या मॅडमनी तशी सूचना फलकावर लावली. पोरीचे पाय जमिनीवर ठरेनात.

तोंडी परीक्षेला अकरा दिवस उरले असताना तिने मला धुवायला घरी नेलं. दोरी गॅलरीत वाळत घातली. वडील कामावरून आले, दोरी चिमटीत धरून म्हणाले, "खुणा करायच्या आधी भिजवली होतीस का गं?"

"नाही बाबा. का?"

"कोरी सुती दोरी पाण्यात गेली की आखडते. आम्ही भिजवून, ताणून, वाळवूनच ती कामाला घेतो. नाहीतर भिंत भलतीकडेच जायची."

तिने टेप आणली. दोरीवरचा एक मीटर एक्याण्णव सेंटिमीटर भरला. तिने पुन्हा मोजला, तिसऱ्यांदा मोजला. मग भिंतीला टेकून खालीच बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "आता वेळ कुठे आहे? मापात त्रुटी असू शकते, असा एक परिच्छेद घाल आणि मोकळी हो."

"पण मॅडम, त्रुटी किती, ते नको का लिहायला?"

"ते आता कसं काढणार तू?"

"दोरी उरली आहे घरी. त्याच गुंडीतली."

उरलेल्या दोरीचे तिने तीन तुकडे केले. दिवसातून दोनदा तळ्याच्या पाण्यात भिजवायचे, गॅलरीत वाळवायचे, मोजायचे. वडील टेपचं एक टोक धरत, ती दुसरं. "ताणू नकोस फार," ते म्हणत. "तुम्हीच ताणताय," ती म्हणे. पहिल्या सात भिजवण्यांत दोरी थोडी थोडी आखडत गेली, नंतर थांबली. मग तिने चौतीसच्या चौतीस आकडे दुरुस्त केले. जुने खोडले नाहीत, शेजारी नवे लिहिले. सरासरी आली एकशे पस्तीस. तळं सुधारलं नव्हतं, उलट बिघडलं होतं. फलकावरची सूचना तिने स्वतः जाऊन काढली.

परीक्षेच्या दिवशी मी टेबलावर होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळी पानं उलटली.

"म्हणजे तुमचा पहिला निष्कर्ष चुकीचा होता, हे तुम्हीच सिद्ध केलंत?"

"हो सर."

"आणि दोरी आखडते, याला संदर्भ कुठला? यादीत तर दिसत नाही."

तिचा चेहरा उतरला. "सर, पुस्तक नाही. माझ्या वडिलांनी सांगितलं. ते गवंडी आहेत."

परीक्षकांनी आपलं पेन तिच्यापुढे ठेवलं. "मग यादीत त्यांचं नाव का नाही? लिहा."

मित्रांनो, मला पुसून कोरडी ठेवा, माझी दोरी उंदरांपासून जपा, आणि एखादी गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल तर ती दुसऱ्याला सांगा. तुम्हाला बोलता येतं. त्या दिवशी पुस्तकांच्या यादीखाली तिने वडिलांचं पूर्ण नाव लिहिलं, पुढे 'गवंडी' असं लिहिलं, आणि शाई वाळेपर्यंत त्या ओळीवर फुंकर घालत राहिली.