खळीतल्या गुठळ्या

सुनेनं एखाद्या वेळी गल्ल्यातली नोट उचलली असती तर कडकबाईंनी ते पोटात घातलं असतं. पण हिनं सासूचं वाक्य खोडलं, आणि तेही साऱ्या जगाच्या देखत.

कडकबाई हे नाव गिऱ्हाइकांनी दिलेलं. लाँड्रीतल्या कपड्यांना खळ त्यांच्या हातची, आणि स्वभावालाही तीच खळ, म्हणून. या नावाचा आपल्याला पत्ताच नाही असं त्या दाखवत. मात्र कुणाच्या तोंडून ते चुकून निसटलंच, तर त्याच्या शर्टाची कॉलर अशी काही ताठ करून देत की बिचाऱ्याला दिवसभर मान वळवता येऊ नये.

झालं होतं असं. सून संध्याकाळच्या कॉलेजात जायची. लग्नामुळे अर्धवट राहिलेलं शिक्षण तिला पुरं करायचं होतं आणि कडकबाईंनी खूप आढेवेढे घेऊन, जन्माचे उपकार केल्यासारखा होकार दिला होता. तिथल्या मॅडमनी वर्गाला काम लावलं. इंटरनेटवर एक ज्ञानकोश आहे, तो कुणीही वाचावा आणि कुणीही त्यात भर घालावी. तर प्रत्येकानं आपल्या रोजच्या कामातली एक गोष्ट घेऊन तिच्यावर लेख लिहायचा. सुनेनं खळ घेतली. ग्रंथालयातून दोन-तीन जाडजूड पुस्तकं आणली, रात्रीची भांडी आवरून बसली, आणि लेख झाल्यावर एका दुपारी तिनं तो काउंटरपाशी उभं राहून सासूला वाचून दाखवला.

कडकबाईंचं वाचन अक्षराला अक्षर जोडत चालणारं, त्यामुळे त्या डोळे मिटून ऐकत होत्या. खळ कशापासून होते, कोणत्या काळात कोण वापरायचं, हे सगळं त्यांच्या कानावरून वाहून गेलं. मग एकदम आलं, ‘खळ ढवळताना बोलू नये, बोलल्यास गुठळ्या होतात.’ त्यांनी खाडकन डोळे उघडले. हे तर त्यांचं. काना-मात्रेसकट त्यांचं.

त्या दिवसापासून बाईंचा पाय जमिनीवर ठरेना. टोप्या न्यायला आलेल्या नर्सला सांगितलं, एप्रन टाकायला आलेल्या केशकर्तनवाल्याला सांगितलं. “आमचं वाक्य आता जगात वाचतात,” असं म्हणून त्या हिशेबाचे सुटे पैसे जरा उशिरानेच परत करायच्या. आणि काल हॉटेलचा मॅनेजर टेबलक्लॉथांचं गाठोडं घेऊन आला, त्यालाही सांगितलं. त्यानं कौतुकानं फोन काढला, लेख शोधला, वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला.

“मावशी, लेख आहे. पण ते वाक्य काही दिसत नाही.”

नर्स तिथंच उभी होती. तिनं हसू दाबलं, पण दाबलेलं हसू कडकबाईंना न दाबलेल्यापेक्षा जास्त ऐकू येतं.

सुनेनं काही लपवलं नाही. कुणा अनोळखी माणसानं त्या वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण लावली होती, म्हणाली. बाकी प्रत्येक वाक्याखाली तिनं पुस्तकाचं नाव दिलं होतं, याच्याखाली द्यायचं तिला सुचलंच नव्हतं. पाणी ओलं असतं हे सांगायला कोण पुस्तक काढतं? मग तिनं शोधलं. एकाही पुस्तकात ते नव्हतं. म्हणून तिनं स्वतःच्या हातानं काढून टाकलं.

संदर्भ म्हणजे काय, असं कडकबाईंनी विचारलं. कुणी सांगितलं आणि कुठं छापलंय ते, असं सून म्हणाली.

“मी सांगितलं.”

“ते तिथं चालत नाही, आई.”

मुलगा बाजूला पँटची घडी बसवत होता. त्यानं इस्त्री उभी करून ठेवली, आणि मागच्या दोरीवरचे कपडे काढायची त्याला एकाएकी आठवण झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाँड्रीच्या मागच्या खोलीत मोठ्या पातेल्यात पाणी उकळत होतं, सून त्यात थंड पाण्यात कालवलेलं पीठ ओतून लाकडी डावानं ढवळत होती. अशा वेळी ती बोलणार नाही हे पक्कं ठाऊक असल्यानं बाईंनी नेमकी हीच वेळ साधली. कॉलेज बंद, म्हणाल्या. आजपासून. सासूला खोटं पाडायचंच असेल तर ते घरबसल्याही पाडता येतं, त्यासाठी फी कशाला भरायची? परीक्षा तोंडावर आली होती.

“आई, मी तुम्हाला खोटं पाडलं नाही,” ती म्हणाली. डाव फिरतच होता. “तुम्ही बाहेर काउंटरवर असता ना, तेव्हा मी कितीदा ढवळता ढवळता बोलून बघितलं. एकटीच. कविता म्हटल्या, पाढे म्हटले. एक गुठळी झाली नाही. मग कुठल्या तोंडानं ते तिथं ठेवू?”

“तुझ्या हातची खळ पातळच असते, तिला कसल्या होतात गुठळ्या. ओत ती बादलीत. नवीन पाणी ठेव. मी बोलते आणि मी दाखवते.”

पाणी उकळलं. बाईंनी पदर खोचला, पीठ ओतलं, डाव हातात घेतला. आणि बोलायचं काय, हेच सुचेना. साऱ्या गल्लीला बोलून गार करणारी बाई पातेल्यासमोर मुकी झाली. सून वाट बघत होती.

“माझा भाऊ,” शेवटी त्या म्हणाल्या, “लहानपणी पाण्याच्या टाकीत पडला होता.”

ही गोष्ट त्यांनी याच खोलीत, लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी सांगायला घेतली होती. भाऊ टाकीत पडला इथवर आल्या होत्या, तेवढ्यात त्यांच्या सासूनं डावाची मूठ पातेल्यावर आपटून ते वाक्य ऐकवलं. नवी नवरी तिथंच थांबली. पुढे खळ ढवळताना त्या कधी बोलल्या नाहीत. सासू गेली तरी नाही.

आता भाऊ पुन्हा टाकीत पडला. वडील काठी शोधायला धावले, आई दोरी शोधायला, आणि भाऊ आत उभा राहून विचारत होता की सगळे पळतायत कुठं, कारण पाणी होतं त्याच्या गुडघ्याएवढं. सून हसली. बाईही हसल्या, मग धावत आलेल्या त्यांच्या मावशीची नक्कल झाली, मग शेजारच्या कुत्र्याची, आणि डाव जड होत गेला तसा आवाज चढत गेला.

सुनेनं गाळायचं फडकं धरलं. बाईंनी पातेलं कलतं केलं. खळ साईसारखी सुळसुळत खाली उतरली आणि फडकं कोरंच्या कोरं राहिलं. बाईंनी ते उजेडात धरलं, उलटं केलं, बोटांनी चाचपलं. सुनेनं पुढे होऊन गॅस बंद केला.

मग बाईंनी फडकं पिळून दांडीवर टाकलं आणि तिच्याकडे वळल्या.

“खोडलंस ते बरोबर केलंस. मला न विचारता खोडलंस ते वाईट केलंस, आणि ते मी विसरणार नाही. संध्याकाळी वेळेवर कॉलेजला नीघ. आणि उद्या सकाळी डाव तू घे, मी स्टुलावर बसते. काय बोलायचं ते ठरवून ये. पाढे बिढे मी ऐकून घेणार नाही.”