गलबताचा वास

आमचा धंदा बुडाला तेव्हा समुद्र अगदी शांत होता. वादळात बुडालो असतो तर लोकांनी निदान हळहळ तरी केली असती.

आजच्या काळात शिडाच्या गलबतातून माल वाहायचा, हे खूळ माझ्या थोरल्या भावाचं. गलबत वडिलांचं. ते चालवायचा दादा, आणि गिऱ्हाइकांच्या दारात जोडे झिजवायचो मी. मिळायचं काय, तर विटा, मीठ, लाकूड. इंजिनवाल्यांनी नाक मुरडलेला माल. त्यात वारा पडला की उशीर व्हायचा आणि गिऱ्हाईक माझ्या नावाने खडे फोडायचं.

मग शहरातला एक चहाचा व्यापारी भेटला. त्याला पाकिटावर ‘फक्त वाऱ्याच्या बळावर आलेला चहा’ असं छापायचं होतं. ते वाचून लोक जास्त पैसे मोजतात म्हणे. मोजोत बापडे. पहिली खेप नीट पोचली तर वर्षभराचं काम आमचं, असं तो म्हणाला. नाही पोचली तर गलबत विकायचं, असं वहिनीने दादाकडून कबूल करून घेतलं.

दादाच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. माल चढवायच्या आधी त्याने गलबत आतून-बाहेरून घासून काढलं. मग वडील मोठ्या खेपेआधी करायचे तसं पोटातल्या फळीन् फळीला माशांचं तेल चोपडलं. मीही बाह्या सरसावून मदतीला गेलो. लाकूड असं चमकायला लागलं की विचारू नका.

“यातून चहा काय, नवी नवरी पाठवावी,” मी म्हणालो, आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. आमच्याइतके गाढव त्या दिवशी अख्ख्या किनाऱ्यावर नसतील.

वाटेत वारा पडला. झाकणं बंद, आत दमट उकाडा, आणि चहाच्या पेट्या त्यात कितीतरी दिवस शिजत पडल्या. पण पाण्याचा एक थेंबही आत गेला नव्हता. धक्क्याला लागलो तेव्हा दादाची मान ताठ होती.

व्यापाऱ्याने पेटी फोडली, मूठभर चहा नाकाशी नेला आणि एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं.

“हे काय आणलंत?”

“चहा. तुमचाच,” दादा म्हणाला.

“मासळीचा वास मारतोय! तुम्हाला येत नाही?”

दादाने हुंगलं. मग मी हुंगलं, अगदी जीव तोडून. शपथेवर सांगतो, मला चहाचाच वास आला. आमची नाकं जन्मापासून त्या तेलातच मुरलेली. व्यापाऱ्याला वाटलं, आम्ही थट्टा करतोय. त्याने दुकानात तोच चहा करायला लावला. एक घोट घेऊन तो बेसिनकडे धावला. आम्ही कप रिकामे केले. दादाने तर “फक्कड झालाय” म्हणून आणखी मागितला. तेव्हा आम्हाला दुकानाबाहेर काढलं.

“त्याला माल घ्यायचाच नव्हता. निमित्त काढलं,” दादा घरी आल्यावर म्हणाला. मीही त्याचीच री ओढली. वहिनीलाही वास येईना. लग्न झाल्यापासून ती आमचेच कपडे धुतेय, तिला कुठला यायला! आमचं काही चुकलंच नाही, तर गलबत का विकायचं, असं म्हणून दादाने शब्द फिरवला. वहिनीने अबोला धरला. काम मात्र कुणी देईना, कारण गोष्ट सगळ्या बंदरात पसरली होती. शेवटी मी शहरात कागदाच्या गोदामात नोकरी धरली. मला दादाचा राग यायचा, आणि त्याला एकटं टाकल्याची लाजही वाटायची.

काही महिन्यांनी गलबताला गिऱ्हाईक आलं. वहिनीने मला बोलावून घेतलं. “भाऊजी, समजवा त्यांना. ते तुमचंच ऐकतील.”

दादा गलबताच्या पोटात फळ्यांना तेल लावत बसला होता. मी शिडीवरून खाली पाय टाकला आणि मासळीचा भपकारा नाकात घुसला. नकळत हात नाकावर गेला. लगेच काढला, पण दादा माझ्याकडेच बघत होता.

“तुलापण येतो?”

“सर्दी झालीय रे.”

त्याने हातातला फडका खाली ठेवला. आपला तळवा हुंगला, पुन्हा हुंगला. त्याला अजूनही काहीच येत नव्हतं.

“विकून टाक,” तो म्हणाला. “आणि वर जाऊन उभा राहा. उलटी होईल तुला.”