डुकरांच्या घरातली माती

बेटावरच्या मोंतान्य ब्लांश गावात भगवतीची डुकरं वर्षातले सात-आठ महिने नसायची. म्हणजे असायची, घराच्या मागं, पत्र्याच्या खोपटात, चांगली चौदा-पंधरा. पण खोपटापुढं ऊस उभा असायचा, आणि ऊस उभा आहे तोवर डुकरं दिसत नाहीत, असं गावानं आपसांत ठरवूनच टाकलं होतं. वास यायचा. तो सगळे मिळून साखर कारखान्यावर ढकलायचे. मग तोड सुरू झाली की मागचं रान चार दिवसांत बोडकं व्हायचं आणि भगवती खोपटाला गोणपाटं टांगायची. तेवढ्या गोणपाटानं सबंध गावाचा धर्म झाकला जायचा. धर्म तसा काही फार मोठा नव्हता.

भगवती स्वतः अंडंसुद्धा खायची नाही. नवरा वारल्यावर शेजारच्या कांप दे मास्क गावच्या गास्तों खाटकानं तिला दोन पिल्लं दिली होती, आणि वर्षभरानं तीच डुकरं विकत नेली होती. तेव्हापासून तिची चूल डुकरांवर चालली. कुणाला सांगायची लाज नव्हती, पण कुणी विचारायचंच नाही.

तिच्याकडं मान म्हणावा असा एकच होता. चतुर्थीला मंडळाचा गणपती गावातच घडवायचे. नदीवरची माती आणायची, चाळायची, आणि पहिला गोळा मळायचा तो तिच्या पडवीत, तिच्या घराण्याच्या हातानं. हिंदुस्थानातून ऊसमळ्यावर मजुरीला आलेल्या आज्याबद्दल सासरे सांगायचे, "आमच्या आज्यानं बोटीतून देव आणला नाही, हात आणले." घरात आता दुसरे हात उरले नव्हते. म्हणून बारा वर्षं गोळा तीच मळत होती. गोळा मळताना कुणी बोलायचं नाही असा रिवाज, आणि वर्षातले ते दोन तास सगळं मंडळ तिच्या समोर गप्प बसायचं. भगवतीला ते फार आवडायचं.

आणि १९८१ च्या श्रावणात मंडळाचा सेक्रेटरी देवराज नाकाला रुमाल लावून चिठ्ठी घेऊन आला.

"वैनी, वाचून दाखवू?"

"रुमाल काढून वाच. ऐकू येत नाही."

देवराजनं रुमाल काढला, एक श्वास घेतला आणि परत लावला. चिठ्ठीत लिहिलं होतं, डुक्कर पाळणाऱ्या घरातली माती देवाला चालणार नाही. रविवारच्या सभेत तसा ठराव होईल. खाली सही अध्यक्ष तुलसीरामची. तुलसीराम म्हणजे भगवतीचा चुलतदीर. नवऱ्याच्या तेराव्याला तिच्याच पडवीत बसून तिसऱ्यांदा भात मागून घेतलेला.

"बारा वर्षं चालली की माती."

"बारा वर्षं ऊस होता, वैनी," देवराज म्हणाला. "औंदा तोड लवकर झाली."

रविवारी भगवती धुतलेली साडी नेसून सभेला गेली. बैठकीच्या खोलीत तेरा खुर्च्या मांडलेल्या, त्यातल्या बारा रिकाम्या. तेराव्या खुर्चीत राधाकृष्णकाका. वय ऐंशी, तोंडात एकही दात नाही.

"कुठं गेले सगळे, काका?"

"संडासात."

"सगळे?"

"ज्याच्या त्याच्या." काका खुर्चीत हसले. "मला कुणी बोलावलंच नाही. म्हणाले, काकाला चावत नाही."

"काय चावत नाही?"

काकांनी तोंड मिटलं. मग सभा संपल्याचं जाहीर केलं आणि काठी घेऊन घरी गेले.

बुधवारी दुपारी तुलसीरामची बायको चंद्रकला रस्त्यानं न येता मागच्या रानातून, उसाची खुंटं तुडवत आली. पायाला ओरखडे, डोळे सुजलेले.

"जाऊबाई, ती तुझी पिवळी पावडर दे वाटीभर. डुकरांना हगवणीवर देतेस ती."

"कुणाला?"

"ह्यांना. इस्पितळात आहेत सोमवारपासून. ताप उतरत नाही, पोट थांबत नाही, काल मला आई म्हणाले. पिवळ्या कॅप्सूल देतायत, काही उपेग नाही. म्हटलं तुझी पावडर जोरदार असेल. डुकराला देतात म्हणजे जोरदारच."

भगवती पिंपावर बसली. ती पावडर तिच्याकडं तीन वर्षांपूर्वी आली. कंपनीचा एक टायवाला गाडीतून उतरला आणि म्हणाला, रोज खाण्यात एक चमचा घाला, डुकरं आजारी पडणार नाहीत आणि फुगतील. धडधाकट जनावराला रोज औषध! हे अडाणी बाईला सुचलं नसतं, त्याला शिकलेला माणूसच लागतो. पिशवीवर इंग्रजीत नि फ्रेंचमध्ये बारीक अक्षरात काय काय छापलं होतं, ते टायवाल्यानं वाचून दाखवलं नाही आणि भगवतीनं विचारलं नाही. डुकरं फुगली. पण गेले चार महिने पिल्लांना हगवण लागली की पावडर चालेना. तिनं एकाचे दोन चमचे केले, दोनाचे तीन. पिल्लं पावडर चाटून पुसून खायची आणि हगतच राहायची.

"त्यांनी खाल्लं काय होतं?"

"दुधी."

"दुधीनं बारा पुरुष एकदम? आणि बाई एकही नाही? दुधी बघून निवडतो काय?"

चंद्रकलानं पदर तोंडावर घेतला. "शनिवारी गास्तोंच्या मागच्या खोलीत जमले होते. तुझ्यावरचा ठराव लिहायला. रम होती. रमबरोबर काहीतरी गजाक लागतं ना तोंडात टाकायला, तर गास्तोंनं..."

"डुक्कर भाजलं."

"घाईत भाजलं म्हणे. आतून लालच होतं."

भगवतीला हसू फुटलं ते थांबेना. श्रावणात, डुक्कर खात, डुकरांच्या विरुद्ध ठराव! चंद्रकलाही पदराआड हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. आणि मग भगवतीचं हसू एकदम गेलं. गास्तोंचं शनिवारचं डुक्कर तिच्या खोपटातलं होतं. शुक्रवारी नेताना ते ढिलं होतं. तिनं त्याला तीन चमचे पावडर पाजली होती, मागचा भाग धुऊन दिला होता आणि तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं.

हे कुणाला कळलं तर ठराव लिहायलाही नको. माती गेली, पडवी गेली. गप्प राहिलं तर बारा जण गप्प आहेतच, त्यात ती तेरावी. तुलसीराम कॅप्सूल गिळत गिळत मेला असता आणि दोष दुधीवर गेला असता.

"पावडर देत नाही," ती चंद्रकलाला म्हणाली. "पिशवीच घेते. चल."

इस्पितळात मंडळ ओळीनं झोपलेलं होतं, पाच खाटांवर पाच जण. बाकीचे घरीच निभावत होते. तुलसीराम मधल्या खाटेवर, गाल आत गेलेले, हाताला सलाईन. डॉक्टर होती इंद्राणी. गावातल्याच लालमतीची पोर, हिंदुस्थानात शिकून आलेली, मराठी बरी बोलायची आणि लाज बाळगायची नाही.

"या काकांचं रक्त आणि शी तपासायला दिलीय," ती म्हणाली. "रिपोर्टला अजून दोन दिवस. हे सगळे म्हणतात दुधी. मी आयुष्यात एवढा बदनाम दुधी पाहिला नाही."

भगवतीनं पिशवी खाटेवर ठेवली. "दुधी नाही, बाय. डुक्कर. माझं."

पाचही खाटा गप्प झाल्या. गोळा मळताना मंडळ व्हायचं तशाच.

इंद्राणीनं पिशवीवरचं बारीक अक्षर वाचलं. मग कॅप्सूलच्या डबीवरचं वाचलं. मग परत पिशवीवरचं.

"मावशी, हे तेच औषध आहे. टेट्रासायक्लीन. किती द्यायचात?"

"रोज. तीन चमच्यांपर्यंत. पिल्लांना चालेना म्हणून वाढवत गेले. आणि ते डुक्कर आजारी होतं. मला ठाऊक होतं. मी विकलं."

"खोटं बोलते ती," तुलसीराम डोळे मिटून म्हणाला. आवाज पाण्यासारखा पातळ. "आम्ही माळकरी माणसं. श्रावण आहे."

इंद्राणी त्याच्या उशाशी बसली. "काका, नीट ऐका. जंतूंना रोज थोडं थोडं औषध मिळालं की अशक्त जंतू मरतात आणि दांडगे उरतात. तीन वर्षं मावशीच्या खोपटात दांडगेच उरत आलेत. यांचं खरं असेल, तर मी देते ते औषध तुमच्या पोटातल्या जंतूंना सकाळच्या चहासारखं आहे. लगेच दुसरं इंजेक्शन लावते. पण तुम्ही दुधीच खाल्ला असेल, तर जंतू वेगळा, हिशेब वेगळा. हेच औषध चालू ठेवून दोन दिवस वाट बघते. तुम्हाला दोन दिवस आहेत असं मला वाटत नाही. काय खाल्लंत?"

तुलसीराम अध्यक्ष होता. सतरा वर्षं होता. त्यानं आधी छताकडं बघितलं, मग चंद्रकलाकडं, मग अगदी शेवटी भगवतीकडं. मग चादरीखालून हात काढला आणि दोन बोटं वर केली.

"दोन तुकडे."

"दोन?" शेजारच्या खाटेवरून देवराज उठून बसला. "भाऊ, दोन? सात खाल्लेत! माझ्या ताटातलं उचलून खाल्लंत!"

"तुला पोट नव्हतं तेवढं, म्हणून..."

"आणि वर म्हणालात, वैनीचं डुक्कर चरबीदार असतं!"

"नर्स," इंद्राणी म्हणाली, "इंजेक्शन." मग भगवतीकडं वळून, हसू न आणता, "मावशी, आलात हे बरं केलंत. आजारी जनावर विकलंत हे वाईट केलंत. दोन्ही लक्षात ठेवा. पावडर आजपासून बंद, आणि खोपटातून आलं की हात साबणानं, दर वेळी."

भगवतीनं मान हलवली. तिला कुणी इतकं सरळ बारा वर्षांत बोललं नव्हतं.

शुक्रवारी रिपोर्ट आला. जंतूंनी टेट्रासायक्लीनला दाद दिलेली नव्हती. तोवर तुलसीरामचा ताप उतरला होता आणि तो पेज मागत होता.

पुढच्या रविवारी सभा भरली. तेरा खुर्च्या भरल्या, काही जण काठावर बसले, कारण अजून भरवसा नव्हता. देवराजनं ठरावाचा कागद काढला. कागदावर मधोमध तेलाचा मोठा डाग होता आणि डागात अंगठ्याचा ठसा उमटलेला.

"वाच ना, देवराज," भगवती दारातून म्हणाली. "डागाखाली काय लिहिलंय?"

कुणी वाचेना. तेव्हा राधाकृष्णकाका काठीवर उठले. म्हणाले, डुकरांच्या घरातली माती देवाला चालते की नाही हे त्यांना माहीत नाही. पण श्रावणात डुक्कर खाल्लेला हात मातीला लागणार नाही, असा त्यांचा ठराव आहे, आणि ज्याला तो मान्य नाही त्यानं हात वर करावा म्हणजे हातही दिसेल. एकही हात वर गेला नाही. बाराही जणांनी हात मांडीखाली घेतले.

राहिली दोन माणसं, काका आणि भगवती. काकांचे हात थरथरायचे.

चतुर्थीच्या आदल्या सोमवारी भगवतीनं पडवी सारवली. पावडर बंद झाल्यापासून डुकरं जरा उतरली होती. गास्तों येऊन कुरकुरून गेला होता, "मादाम, ही डुकरं आहेत की कुत्री?" दोन आजारी पिल्लं तिनं वेगळ्या कोंडीत ठेवली होती आणि त्यांचं काय ते होईपर्यंत विकायची नाहीत असं ठरवलं होतं. तिनं दोनदा साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. मंडळ येऊन पडवीत बसलं. माती चाळलेली होती.

तुलसीराम उशिरा आला, अंगात सदरा लोंबत होता. बसायच्या आधी त्यानं मागच्या दारातून बाहेर नजर टाकली. रान बोडकं, खोपट उघडं, आणि बारा डुकरं सरळ पडवीकडं बघत उभी.

"वैनी," तो हळूच म्हणाला, "गोणपाटं लावली नाहीस ह्या वर्षी?"

"माझे हात धुतलेत, भावजी," भगवती म्हणाली. "गोणपाटं खुंटीवर आहेत. लावायची तर तुम्ही लावा."

तुलसीरामनं खुंटीकडं बघितलं. मग खाली बसला, डुकरांकडं तोंड करून. भगवतीनं मातीत पाणी घातलं आणि सगळे गप्प झाले.